न नेलेले कपडे

"मी काय पँट आहे, उसवून बघायला?" म्हातारा ओरडला आणि त्याने कात्री टेबलावर अशी आपटली की खडूचे दोन तुकडे टुणकन उडून इस्त्रीखाली गेले.

"पँट असतात तर बरं झालं असतं, बाबा," मुलगी म्हणाली. "पँट उलट उत्तरं देत नाही."

हे भांडण सकाळी शटर वर करतानाच पेटलं होतं. आता अकरा वाजत आले तरी कोणी माघार घेत नव्हतं. मधे एक गिऱ्हाईक कोटाच्या बाह्या आखूड करायला टाकून गेलं. तेवढ्यापुरतं दोघांनी तोंड गोड केलं, माप लिहून घेतलं, पावती फाडली. गिऱ्हाईक पायरी उतरलं, तसे दोघंही पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, लेक बावन्न. दोघंही शिंपी, त्यामुळे दोघांचीही जीभ कात्रीच्या जातीची.

कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हाताऱ्याची म्हातारी काजं करत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "जरा हळू. समोरच्या औषधवाल्याला सगळं ऐकू जातं. मग तो मला सल्ले देतो."

भांडणाचं मूळ जुनं होतं. म्हातारा तीन वर्षांचा असताना एका शिंप्याने आणि त्याच्या बायकोने त्याला अनाथाश्रमातून घरी आणलं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. तो शिंपी तर गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, "जन्मभर लोकांना शिवून दिलं, स्वतःसाठी मात्र तयार घेतलं. पण मापात बसलं बघा!" पोराने त्याच दुकानात टीप मारायला शिकून घेतलं. त्या दोघांची म्हातारपणं त्याने काढली, दोघांना खांदा दिला. जन्म देणाऱ्यांबद्दल तो आयुष्यात एकच वाक्य बोलला: "ठेवून गेले ते गेले, कोणी मागे वळून पाहिलं नाही." एवढं बोलून तो मशीन सुरू करी, म्हणजे पुढचं ऐकूच जाऊ नये.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का? म्हातारा म्हणाला, "घरात त्रास खूप आहे, पण हृदयाचा नाही." डॉक्टर हसले. लेक हसली नाही. ती शोधाला लागली.

सात महिने ती आश्रमाच्या कचेरीत हेलपाटे घालत होती. साहेब रजेवर, कपाटाची किल्ली साहेबांकडे, जुन्या वह्या वाळवीकडे. शेवटी एक दिवस कारकूनबाईंच्या कोटाचं लोंबणारं अस्तर तिला बघवेना. तिने पर्समधून सुई काढली आणि तिथल्या तिथे शिवून दिलं. दहा मिनिटांत किल्लीही सापडली आणि वहीसुद्धा. वाळवीने तिला तोंडही लावलेलं नव्हतं.

वहीवरून पत्ता मिळाला आणि गेल्या रविवारी ती घरात कोणाला न सांगता तिथे जाऊन आली. परत आल्यावर पाच दिवस तिने गप्प बसून पाहिलं. गप्प बसणं तिला जमत नाही. आज सकाळी शटर निम्मं वर असतानाच ती बोलून गेली, "बाबा, तुमची बहीण आहे. जिवंत आहे."

"बहीण कशावरून?" म्हातारा आता विचारत होता. "कुणीही म्हातारी म्हणेल मी बहीण. तू काय खूण बघितलीस?"

इथे लेक जरा चाचरली. कारण खुणेच्या बाबतीत तिची शोभा झाली होती. म्हाताऱ्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. त्याचा प्रत्येक शर्ट ती स्वतः बेतते, तिला हे माप झोपेतही पाठ. त्यामुळे त्या घरी जाताना तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं की माणसं चेहऱ्यावरून नाही, खांद्यावरून ओळखायची. दार उघडलं एका साठीच्या माणसाने, आणि त्याचा उजवा खांदा थेट बोटभर खाली! तिचे डोळे भरून आले. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या बाबांचे कोण?" तो बिचारा म्हणाला, "बाई, मी नळ दुरुस्त करायला आलोय."

हे तिने आता सांगितलं तेव्हा म्हातारी पहिल्यांदाच सुई खाली ठेवून हसली. हसून हसून तिला ठसका लागला.

"अगं वेडे, ह्यांचा खांदा काय जन्माचा आहे? लग्नातला फोटो बघ, ताठ खुंट्यासारखे उभे आहेत. पन्नास वर्षं ती कोळशाची इस्त्री दाबून उतरला तो. नळवाल्याचा पिशवी वाहून उतरला असेल. असे तर अर्ध्या गावाचे तुम्ही नातेवाईक!"

"झालं?" म्हाताऱ्याला जोर चढला. "संपलं तुझं संशोधन?"

"नाही संपलं." लेकीने मापांच्या वहीतून एक घडी केलेला कागद काढला. "ही आश्रमाच्या वहीची नक्कल. नावापुढच्या समासात काय लिहिलंय ते मी वाचते. मशीन सुरू केलंत तर वायर काढीन."

म्हाताऱ्याचा पाय मशीनच्या पेडलवर होता, तो तिथेच थांबला.

"'बहीण चौकशीस आली. मूल दत्तक दिल्याचे सांगितले. पत्ता देता येत नाही.' ही तुम्ही आश्रमातून गेल्याच्या तिसऱ्या महिन्यातली नोंद. मग सहा वर्षांनी, 'बहीण पुन्हा आली. आपला पत्ता ठेवून गेली.' मग एकोणीस वर्षांनी, 'बहीण आली. नवा पत्ता.' तीनदा, बाबा. तिने सांगितलं, तुम्हाला ठेवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई वारली होती. बाप कामावर म्हणून गेला तो आलाच नाही. मावशीने तिला ठेवून घेतलं, कारण तिला भांडी घासता येत होती. तुम्हाला येत नव्हती."

"अजून येत नाहीत," म्हातारी म्हणाली. पण हळू म्हणाली.

"तुमचं बोट धरून तीच घेऊन गेली होती. बाकावर बसवलं आणि म्हणाली, हलू नकोस, मी येते."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. काच आधीपेक्षा मळकी झाली.

"पुढच्या महिन्यात तिचा मुलगा तिला त्याच्याकडे नेणार आहे, लांब. मी म्हटलं, त्याआधी बाबांना घेऊन येते. तर मला म्हणाली, 'वचनं देऊ नकोस. मी दिलं होतं एकदा.' आणि वर म्हणाली, 'तू फार बोलतेस.' बाबा, अगदी तुमच्यासारखं! नाकातून! मला तर तिथेच खात्री पटली."

"मला कुठेही जायचं नाही," म्हातारा म्हणाला. "पंचाहत्तर वर्षं झाली. आता काय उपयोग?"

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात ठेवत ती मागच्या लाकडी कपाटापाशी गेली आणि तिने दोन्ही दारं उघडली. आत न नेलेले कपडे टांगलेले होते: कोट, पँटी, एक नवरदेवाचा सूट, कुणाचा शाळेचा गणवेश. प्रत्येकाला पिवळी पडलेली पावती टाचलेली. ह्या कपाटावरून नवराबायकोची चाळीस वर्षं जुंपत आली होती. म्हातारीला तिथे शिवणाचं सामान ठेवायचं होतं.

"हा सूट किती वर्षांचा?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने सुईत दोरा ओवायला घेतला, तशी तीच म्हणाली,

"एकतीस. नवरदेवाला नातू झाला असेल, ढेरी सुटली असेल, घटस्फोटही झाला असेल. देऊन टाका म्हटलं की मला काय सांगता? 'येतं गं माणूस. माणसाला उशीर होतो.' परक्या गिऱ्हाइकांसाठी तुमच्याकडे एवढा धीर, आणि बहिणीसाठी नाही? मग देते आजच हे भंगारात. सगळे."

तिने खरंच सूट हँगरवरून उतरवला.

म्हातारा उठला. तिच्या हातातून सूट घेतला, खांद्यावरची धूळ झटकली, पावती नीट सरळ केली आणि तो पुन्हा जागेवर टांगला. कपाटाची दारं लावली. मग मशीनवर जाऊन बसला आणि आखूड करायच्या बाह्या शिवू लागला.

दुपारी वरच्या मजल्यावरून म्हाताऱ्याचा मुलगा जेवायला खाली आला. त्याला लेकीने जिन्यातच सगळं सांगितलं होतं. ताट ओढत तो म्हणाला, "बाबा, आता ह्या वयात नवे नातेवाईक? आहेत तेच पुरून उरलेत."

पाणी पिऊन म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

"गुरुवारी दुकान बंद," तो म्हणाला. "मी बहिणीकडे जातोय. एकटा. कोणी बरोबर यायचं नाही, आणि माझ्या कपाटाला कोणी हात लावायचा नाही."