पहिली मरणारी

सिनेमात सगळ्यांच्या आधी मरायचं, यावरच तिचं पोट होतं. आडरानातला बंगला, सुट्टीवर आलेली पोरं, मुखवटा घातलेला खुनी, आणि त्यात ती: तोकडे कपडे, खळखळून हसणारी, कुणाच्याही गळ्यात हात टाकणारी. मध्यंतराच्या आत तिचा निकाल लागायचा. वाचायची ती गळ्यापर्यंत बटणं लावणारी, मान खाली घालून बोलणारी मुलगी. स्टुडिओत हिला सगळे ‘पहिली’च म्हणत.

घरी ती चहाखेरीज काही पीत नसे. तरी इमारतीतल्या कुणाची पोरगी उशिरा आली की बायका आधी हिच्या दाराकडे बघत. दाराबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या की घरमालकीण काहीतरी निमित्त काढून बेल वाजवायची.

नव्या सिनेमाच्या वेळी ती दिग्दर्शकाला म्हणाली, “या वेळी मला वाचवा.”

“वाचवतो. पण मग हसणं कमी करावं लागेल.”

“का? हसणाऱ्या मुलीला पळता येत नाही?”

शेवटी तो तयार झाला. सिनेमात ती हसली, नाचली आणि जिवंत राहिली. खुनी निघाला बंगल्याचा मालक.

प्रदर्शनाआधी काही लोकांना बोलावून सिनेमा दाखवला. ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून वहिनीबरोबर मागच्या रांगेत बसली. मध्यंतर उलटलं तरी ती मरेना, तशी कुजबुज सुरू झाली.

“हीच खुनी,” पुढची बाई नवऱ्याला म्हणाली. “नाहीतर असली मुलगी अजून जिवंत कशी?”

पडद्यावर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. “सुरी आणायला गेली,” नवरा म्हणाला.

वहिनी तिच्या कानाशी वाकली. “खरं सांग, तूच आहेस ना?”

“वहिनी, लग्न होऊन आलात तेव्हापासून मला ओळखता तुम्ही.”

“म्हणून तर विचारतेय.”

मालक पकडला गेला तेव्हा लोक नाराज झाले, कुणीतरी फसवल्यासारखे. निर्मात्याने लगेच शेवट बदलायला लावला. आता खुनी ती.

हे सांगताना दिग्दर्शक तिच्याकडे बघत नव्हता. तिने मुखवटा उलटा करून पाहिला. आत आधीच्या नटाच्या घामाचा वास होता. नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणीतरी तो घालून उभी राहिली असती. तिने घातला.

सिनेमा जोरात चालला. मरायच्या भूमिका तिला आता येत नाहीत. वहिनी अजूनही जेवायला बोलावते, आग्रह करकरून वाढते. फक्त तिच्याकडे पाठ करून उभी राहत नाही.