वहिनींचे शेवटचे कडवे

पन्नाशी उलटल्यावर मी गिटार हाती घेतली, तीही दार लावूनच वाजवत असे. मी इंग्रजीचा प्राध्यापक. पण वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे म्हटले तरी मी मागे सरतो. जुनी रॉक अँड रोल गाणी मला फार प्रिय. त्यातही जीव गुंतला तो ती लिहिणाऱ्यांत. त्यांनी भाड्याच्या खोलीत पियानोपाशी बसून दुसऱ्याच्या गळ्यासाठी गाणे बेतायचे, आणि तबकडीच्या वेष्टनावर फोटो गायकाचा पाहायचा.

माझ्या थोरल्या वहिनी बुद्धविहारातल्या कार्यक्रमांसाठी वर्षानुवर्षे गाणी रचत आल्या आहेत. भिंतीपलीकडून माझा सराव ऐकता ऐकता त्यांनी त्याच तालावर एक मराठी गाणे बसवले: एमआयडीसीतली सकाळची पाळी, सळईच्या कारखान्याचा धूर, मोटारसायकलवर मागे बसलेली बायको. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात रचणारीचे नाव गुंफलेले.

गेल्या महिन्यात महाविद्यालयाच्या सभागृहात मी या विस्मृत गीतकारांवर बोललो आणि अखेरीस वहिनींचे गाणे म्हटले. नावाचे कडवे मात्र गाळले. असले गाणे ध्रुवपदावरच तुटावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे तर शिकलेल्या श्रोत्यांपुढे तो रिवाज गावठी दिसेल, याची मला भीती वाटली होती. "सर, तुमचंच का?" असे कोणी विचारले, तेव्हा मी नुसता हसलो. त्याचा व्हिडिओ आता माझ्या नावाने आमच्या जिल्ह्यात राजूरपासून शहागडपर्यंत फिरतो आहे.

तो वहिनींनीही पाहिला.

"भाऊजी, माझं कडवं कुठं गेलं?"

"वेळ कमी पडला, वहिनी."

"आस्सं? मला वाटलं, गिटारीला माझं नाव जड झालं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "जाऊ द्या. लोक तुमचंच म्हणून राह्यले ना? मंग मीच बदललं ते. बघा, बराबर बसतं का."

आणि त्यांनी ते कडवे हलक्या आवाजात म्हणून दाखवले. जिथे त्यांचे नाव होते, तिथे माझे होते. एक मात्राही चुकली नव्हती.

ती थट्टा होती की देणगी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

येत्या रविवारी विहारात कार्यक्रम आहे, तिथे मी हेच गाणे म्हणणार आहे. वहिनी पुढेच बसलेल्या असतील. मी हल्ली दार उघडे ठेवून सराव करतो. कडवे जुनेच, त्यांच्या नावाचे. नावापाशी येताच आवाज अजूनही दबतो. पलीकडे भाकरी थापण्याची लय क्षणभर थांबते, आणि मी कडवे पुन्हा पहिल्यापासून धरतो.