हर्सूलच्या चढावरची जीप

काल जालना रोडवर पुढच्या ट्रकचा क्लच जळाल्याचा वास आला आणि मला हर्सूलचा तो जुना चढ आठवला.

तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. मैत्रीण नसीमच्या अब्बांची जुनी जीप घेऊन आम्ही तिघी हर्सूल तलावामागच्या टेकडीवर गेलो. रस्ता नसलेल्या चढावर मी पहिल्यांदाच गाडी घातली. समोर मुरूम आणि दगड, डावीकडं खोल नाला. अर्ध्या चढावर चाकं जागीच फिरायला लागली, क्लचचा असाच जळका वास सुटला, इंजिन बंद पडलं आणि जीप मागं सरकली. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले.

आमच्यातली तिसरी, माधुरी, आधीच पायी वर चढून उभी होती. ती ओरडली, "लई झालं! उतरा दोघी!"

शेजारी बसलेली नसीम मात्र हळू आवाजात म्हणाली, "ब्रेक मत छोड. आता रिव्हर्स टाक, स्टिअरिंग सरळ धर."

इंच इंच करत आम्ही खाली आलो. माधुरी पळत आली आणि हसत सुटली. मला इतका राग आला, की मी लगेच म्हणाले, "पुन्हा चढायचं."

या खेपेला जीप वर पोचली. ते मी एकटीनं केलं, असंच मी कित्येक वर्षं सांगत आले.

काल पहिल्यांदा लक्षात आलं. नाला नसीमच्या बाजूला होता. जीप कलंडली असती तर आधी ती खाली सापडली असती. दुसऱ्या वेळी ती खालीच थांबू शकली असती. पण "चल" म्हणत माझ्याआधी तीच जीपमध्ये बसली होती.