उस्तादांचा पाण्याचा तास

आमच्या शेजारच्या उस्तादांइतका भर रस्त्यात मांडी घालून बसलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. पोलिसात भरती झालेल्या पोरांना ते कवायत शिकवायचे, म्हणून उस्ताद. आवाज असा, की सकाळी मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हटलं की तिकडे गंगेवर धुणं धुणाऱ्या बायका ताठ उभ्या राहायच्या आणि पंचवटीतली कबुतरं उंचीप्रमाणे रांगेत बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतकी वर्षं मीच सांगत आलोय, म्हणजे खरं असणार. आणि असा हा माणूस समोर कुणी आरडाओरडा करायला लागलं की डोक्यावरची टोपी काढायचा, कमरेचा पट्टा सोडायचा आणि असेल तिथे खाली बसायचा. मेनरोडवर एकदा एक टांगेवाला आणि एक रिक्षावाला एकमेकांच्या गळ्याला लागले होते. उस्ताद दोघांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, "मंडळी, घसा सुकलाय. कुणी पाणी देता का?" दोघंही पाणी आणायला धावले. मग कुणाचं पाणी आधी प्यायचं यावरून नवं भांडण लागलं ते वेगळं.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दर शनिवारी लाठीच्या तासानंतर उस्ताद आणखी एक तास घ्यायचे. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं, साहेब काणाडोळा करायचे आणि पोरं त्याला 'पाण्याचा तास' म्हणायची. विषय असा, की ज्याचं मन ठिकाणावर नाही अशा माणसापुढे पोलिसाने करायचं काय? त्या काळी या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर होतं, दोर. उस्तादांच्या तासाला दोर हा शब्द काढला की मैदानाला पाच फेऱ्या.

"आणि वेडा म्हणायचं नाय. यजमान म्हणायचं."

"का, उस्ताद?"

"त्याच्या दारात तू गेलास ना? मग तो यजमान, तू पाहुणा. पाहुणा काय करतो?"

"चहा पितो, उस्ताद!"

"गाढवा, आधी पाणी मागतो. ज्याला सगळे धरायला येतात, त्याच्याकडं एखाद्यानं मागायला आलं पाहिजे. देणाऱ्या माणसाचा हात आपोआप उघडतो."

सरावासाठी यजमान म्हणून उस्तादांनी मला पकडलं. मी पोस्टात शिक्के मारणारा कारकून, पण ते मला 'पोस्टमास्तर' म्हणायचे आणि या बढतीसाठी मी काहीही केलं असतं. लिंबाच्या झाडाखाली मी केस विस्कटून उभा राहिलो आणि अशी डरकाळी फोडली, की पहिल्या रिक्रूटने सवयीने माझा हातच पिरगाळला. पुढचा आठवडाभर मी डाव्या हाताने शिक्के मारले. त्या आठवड्यात नाशिकचा निम्मा टपाल व्यवहार तिरका गेला. दुसऱ्याने टोपी काढली, पट्टा सोडला, खाली बसला आणि ऐन वेळी शब्दच विसरला. नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मीच कीव येऊन विचारलं, "पाणी पाहिजे का रे बाबा?" उस्तादांनी त्याला पहिला नंबर दिला.

मार्चची दुपार, एकामागून एक पोरं येतायत, बसतायत, मागतायत आणि मी माठातून देतोय. विसाव्या पोरापर्यंत मैदान कुठेतरी लांब गेलं. पानांमधून गळणारं ऊन, ओंजळीतलं हलणारं पाणी, आणि मला खरंच वाटायला लागलं की हे माझंच घर आहे आणि मी यांची केव्हापासून वाट बघतोय.

एकदा मालेगावहून एका जुन्या रिक्रूटचं पत्र आलं. एक विणकर आग्रा रोडच्या मधोमध उभा राहून ट्रकना हातवारे करत होता. म्हणत होता, हा रस्ता म्हणजे मागावरचा ताणा, ट्रक म्हणजे त्यातून धावणारे धोटे, मी मुंबईपासून आग्र्यापर्यंत एकच कापड विणतोय, कुणी मध्ये येऊ नका. रिक्रूट टोपी काढून कडेच्या धुळीत बसला आणि पाणी मागितलं. विणकराने हात वर करून ट्रक थांबवले, "थांबा रे, पाहुणा आलाय," म्हणाला आणि हॉटेलातून ग्लास भरून आणला. मग दोघं एका सायकलवरून दवाखान्यात गेले.

उस्तादांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभे राहिले.

मी म्हटलं, "उस्ताद, पेढे वाटायचे सोडून हे काय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गाव कळवणजवळ. नोकरी नवी, अंगात खाकी, आणि थोरला भाऊ विहिरीला तहान लागली म्हणून घरातले हंडे विहिरीत ओतत सुटलेला. "मीच बांधला त्याला, बैलाच्या कासऱ्यानं. दवाखान्यापर्यंत बैलगाडीत पाणी मागत होता. मी म्हटलं, आधी पोचू. हात सोडला तर पळंल, ही भीती. बरा होऊन आला, शेती करतो. पण माझ्याशी बोलत नाय. महिन्यातून एकदा जातो, अंगणात बसतो, पाणी मागतो."

"मग?"

"मग काय? तासभर बसतो, तसाच गाडीला येतो."

पुढच्या खेपेला मीही एसटीत चढलो. भाऊ ओट्यावर कांद्याची पात कापत होता. उस्तादांनी टोपी काढली, अंगणात बसले. कबुतरं रांगेत बसवणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू आला. "भाऊ, पाणी देतोस का?"

विळ्याचा आवाज थांबला नाही. दारातून उस्तादांच्या वहिनीने पाहिलं आणि ती आत गेली. किती वेळ गेला कोण जाणे. अंगण, कांद्याचा वास, शेळीच्या गळ्यातली घंटा, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. मग भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "पाव्हणं, उन्हातून आलात." उठला, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

मी अर्धं प्यालो आणि तांब्या माझ्या आणि उस्तादांच्या मध्ये जमिनीवर ठेवला. भावाने तांब्याकडे पाहिलं. उचलून नेला असता तर कोण काय म्हणणार होतं? तो ओट्यावर जाऊन बसला आणि त्याने पुढची जुडी हातात घेतली. उस्तादांनी दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि थेंब न सांडता संपवला.

परतीच्या गाडीत वणीपर्यंत ते खिडकीतून डोंगर बघत होते. मग म्हणाले, "पोस्टमास्तर, पाणी तुम्हाला दिलं त्यानं. मला नाय."

मी म्हटलं, "हातात माझ्या दिलं उस्ताद, पण देताना बघत होता तुमच्याकडे."

त्यांनी टोपी मांडीवरून उचलून डोक्यावर ठेवली, जरा तिरकी. मी आयुष्यात हजार थापा मारल्या आणि एकूण एक लक्षात ठेवल्या. ही एकच अशी, की ती थाप होती की खरंच तसं झालं होतं, हे आता माझं मलाच आठवत नाही.