पार्वतीबाईचे झुबे

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या एका वस्तीवर राहणाऱ्या पार्वतीबाईला भांडताना मान झटकायची सवय होती. दोन हजार आठ साली, ऐन पोळ्याच्या तोंडावर, हापशावर जाऊबाईशी भांडता भांडता तिनं अशी काही मान झटकली की उजव्या कानातला चांदीचा झुबा उडून चिखलात गेला. भांडण तिथंच थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. जाऊ भिकाबाई आणि पार्वतीबाई दोघी वाकून चिखल चिवडत राहिल्या आणि तोंडं चालूच राहिली. झुबा काही सापडला नाही.

पुढल्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न आलं. पार्वतीबाई मांडवात उजवी बाजू भिंतीला लावून बसली ती अक्षता पडल्या तरी उठली नाही. कुणी आशीर्वाद घ्यायला आलं, तर डावीकडून या म्हणायची.

गोरेगावचा सोनार म्हणाला, "असली घडण आता कोनी करत न्हाई, मावशी. हा एक मोडा, नवी जोडी घ्या." त्यानं दाखवलेली नवी जोडी पाहून पार्वतीबाई म्हणाली, "ह्ये झुबे हायेत का बैलाच्या गळ्यातले घुंगरू?" आणि उठली.

सून निता हिंगोलीची, बारावी झालेली. ती सासूसमोर फारसं बोलत नसे. कारण बोलायला जागाच उरत नसे. पण त्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्या, नेटवर भेटतात झुबे. फोटो बघून मागवायचे. पोस्टमन आणून देतो, पैसे त्यालाच द्यायचे."

सासरा संतराम ओट्यावरनं ओरडला, "आता पोस्टमन सोनारकी बी करून राहिला का?"

नवऱ्यानं टिंगल केली म्हणजे काम केलंच पाहिजे, हा पार्वतीबाईचा जुना नियम होता. दुसऱ्या दिवशी सासू-सून जीपमध्ये कोंबून घेऊन हिंगोलीला गेल्या.

नेट कॅफे योगेशचा. त्यानं एका दुकानाचं पान उघडून दिलं. निता एकेक फोटो दाखवत गेली. अचानक पार्वतीबाईनं "थांब!" म्हणून आरोळी ठोकली. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दचकून उभा राहिला. पडद्यावर हुबेहूब तिचेच झुबे होते. तिनं डाव्या कानातला झुबा काढला आणि सरळ काचेला लावला.

"मावशी, काचेला हात लावू नका," योगेश म्हणाला.

"मी कुठं हात लावून राहिले? झुबा लावला. जरा मोठं कर ते."

योगेशनं फोटो मोठा केला.

"आजून. आजून जरा. बास! बराबर तेवढाच हाये. निता, ह्योच सांग."

"आत्या, खाली वजन न् लांबी लिहिलीय, ती वाचू का?"

"वाचायचं काय त्यात? डोळ्यानं दिसून राहिलंय की."

नितानं झुबे मागवले.

पार्सल आलं तेव्हा खोकं चांगलं मिठाईच्या डब्याएवढं होतं. पोस्टमनला पैसे देऊन पार्वतीबाईनं ते फोडलं. खोक्यात डबी, डबीत कापूस आणि कापसात तुरीच्या दाण्याएवढे दोन झुबे. घडण तीच, नक्षी तीच. संतरामनं एक चिमटीत धरून उजेडाकडं नेला आणि म्हणाला, "शेळीच्या कानात घाल. तिला बी जड व्हायचे न्हाईत."

डबीवर दुकानाचा नंबर होता. नितानं मोबाइल लावून दिला आणि पार्वतीबाईनं आपली ठेवणीतली हिंदी बाहेर काढली.

"ए बाई, फोटू में तो ये इत्ता बडा था! इधर आया तो मुंगी!"

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, साइज़ नीचे लिखा हुआ है।"

"लिखा हुआ मेरे कान में डालूँ क्या?"

नितानं हळूच फोन ओढून घेतला आणि परत करता येतील का, कशात गुंडाळून पाठवायचे, बिल लागतं का, एवढं विचारून घेतलं. वस्तू न वापरता, बिलासकट, मूळ खोक्यात परत घेऊ, असं उत्तर आलं. मूळ खोक्यात तोवर संतरामनं तंबाखू भरली होती. ती त्याच्याच धोतरात ओतून पार्वतीबाईनं खोकं झटकलं. टपालखर्च कापून पैसे मनीऑर्डरनं परत आले.

दुसऱ्यांदा हिंगोलीला जाताना पार्वतीबाईनं पिशवीत लोखंडी पट्टी घेतली. उरलेला झुबा आधी मोजला. मग नितानं खालचं सगळं बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं: लांबी किती, वजन किती, चांदी खरी की मुलामा, पसंत नाही पडले तर काय. ज्या दुकानानं चांदीचा कस लिहिला नव्हता, ते पार्वतीबाईनं "लबाड" म्हणून बाद केलं. दुसऱ्या दुकानाला तिनं फोनच लावायला सांगितला. "कानात घालून फोटू पाठवा म्हनाव."

तासाभरात योगेशच्या ईमेलवर फोटो आला. दुकानातल्याच एका पोरीनं झुबा घातला होता. पार्वतीबाईनं तो बारकाईनं पाहिला.

"पोरगी वाळकी हाये. कान बारका, म्हनून झुबा मोठा दिसून राहिला. शेजारी रुपया ठेवा म्हनाव."

रुपया ठेवलेला फोटोही आला. योगेशनं हात जोडले. "मावशी, आता तरी घ्या."

आले ते झुबे जुन्यासारखे हुबेहूब नव्हते, पण मापाला चोख होते. तरी ती ते घेऊन सोनाराकडं गेलीच. त्यानं कस पाहिला, तोलून पाहिलं आणि तोंड आंबट करून म्हणाला, "चांदी हाये." तेव्हा कुठं तिनं ते कानात घातले.

दिवाळीनंतर निताच्या नाकात एक दिवस नवी नथ दिसली. माहेरी गेली होती तेव्हा तिनं एकटीनंच मागवली होती, कुणाला न विचारता. पार्वतीबाई दोन जेवणं तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या जेवणाला राहवलं नाही.

"माप बघितलं व्हतं का?"

"व्हय, आत्या."

"वजन?"

"व्हय."

"परत घेत्यात का?"

"व्हय. बिल बी ठेवलंय."

पार्वतीबाईनं नथीकडं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. नावं ठेवायला काही सापडेना.

"मग वाकडी काहून घातलीस?" ती म्हणाली. "ये इकडं, सरळ करते."