या एकदा जेवायला

उपनगरात राहणाऱ्या यादवराव गांगुर्ड्यांची एक खोड होती. माणूस भेटला की ते त्याला जेवायला बोलवायचे, आणि दिवस कधीच सांगायचे नाहीत. बँकेतला क्लार्क, दाताचा डॉक्टर, गॅसची टाकी आणणारा, विम्याचा एजंट, सगळ्यांना एकच वाक्य: "या एकदा जेवायला." एकदा सटाण्याहून कुणाचा तरी राँग नंबर लागला. त्या गृहस्थाला खताचं दुकान हवं होतं. यादवरावांनी त्याच्याशी कांद्याच्या, पावसाच्या गप्पा मारल्या, दुकानाचा खरा नंबर शोधून मेसेज केला आणि खाली लिहिलं, या एकदा जेवायला.

यात लबाडी मुळीच नव्हती. म्हणताना त्यांना अगदी मनापासून वाटायचं की हा माणूस आपल्याकडे यावा, पाटावर बसावा, दोनदा भात घ्यावा. पण तो वळला की ते वाटणं त्याच्याबरोबर निघून जायचं. त्यांच्या पत्नी सुमनबाई अंगणवाडीत होत्या. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या बोलावण्याला घाबरू नका. त्याला तारीख नसते."

एका माणसाने मात्र ते मनाला लावून घेतलं. महेबूब शेख. दोघं अंबडच्या एका कारखान्यात होते, यादवराव स्टोअर्समध्ये, महेबूब मशीनवर. कंपनीच्या बसमध्ये सगळी नोकरी एकाच सीटवर बसून झाली. महेबूबच्या डब्यातला कबाब यादवरावांनी खायचा आणि सुमनबाईंच्या हातची वांग्याची भाजी महेबूबने. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले. हारतुरे झाले, आणि परतीच्या बसमध्ये यादवराव सवयीने म्हणाले, "ये एकदा जेवायला."

"कोणत्या दिवशी?" महेबूबने विचारलं.

"बघू, सांगतो."

महेबूबने आपली डब्याची पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्यानंतर ना फोन, ना भेट. यादवराव कुणाला सांगायचे नाहीत, पण ती रिकामी सीट त्यांना राहून राहून आठवायची. आपणहून जाऊन काय म्हणायचं, हेच त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या आयुष्यात एआय आलं. लॅपटॉपवर एक एजंट मिळतो, मराठीत सांगितलेलं समजतो आणि कामं करून टाकतो, एवढं कळल्यावर माणूस हरखूनच गेला. जन्मभर स्वतः कारकुनी केली, हाताखाली कधी कुणी आलं नाही. आता एकदम हुकमाचा क्लार्क! त्याचं नाव त्यांनी 'भाऊसाहेब' ठेवलं आणि रोज सकाळी त्याला जय भीम घालून कामाला लावलं.

भाऊसाहेबांची एकच अडचण होती. ते लॅपटॉपच्या बाहेर जाऊ शकत नव्हते. यादवरावांचे मेसेज, फोन नंबर आणि कॅलेंडर एका बाहेरच्या कंपनीच्या सेवेत साठवलेले होते, आणि तिथे एजंटला न्यायचं तर स्क्रीनवरच्या एका काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावे लागत. त्या खिडकीत चित्र नाही, बटण नाही, नुसती चमकणारी एक रेघ. यादवरावांनी हे शिकवणारा एक व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक अक्षर बघून पहिला हुकूम लिहिला. खिडकीने सांगितलं, असा हुकूमच नाही. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सरसर अक्षरं धावली आणि जोडणीचं छोटं अवजार लॅपटॉपात बसलं. त्या अवजाराने एक कोड दिला. तो घाईने ब्राउझरमध्ये भरायचा, नाहीतर बाद होतो.

यादवराव चष्मा शोधायला उठले. चष्मा कपाळावर सापडेपर्यंत कोड बाद झाला. दुसऱ्या कोडला दारावर भाजीवाली आली, तिला नुसतं परत कसं पाठवायचं? तिसऱ्या वेळी सुमनबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि अंगणवाडीतल्या पाढ्यांच्या आवाजात एकेक अक्षर वाचू लागल्या. गल्लीला कोड पाठ झाला, पण लागला.

मग परवानग्यांचं पान आलं. एजंटला मेसेज वाचू द्यायचे? नवीन पाठवू द्यायचे? दर वेळी विचारून, की न विचारता? कारखान्यात साधा पाना द्यायचा तर यादवरावांना तीन साहेबांच्या सह्या आणाव्या लागायच्या. त्या दिवसांची चीड अजून ताजी होती. आपल्या माणसाला आपण असं अडवायचं नाही, असं म्हणत त्यांनी प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण केली. खिडकीत हिरव्या अक्षरांत आलं, जोडणी झाली.

यादवरावांनी घरातल्या घरात दोन गिरक्या घेतल्या. "काय मिळालं एवढं?" सुमनबाईंनी विचारलं. "जोडलं गेलं!" ते म्हणाले, आणि सुमनबाईंना त्यांचा तो चेहरा बघून हसू आवरेना.

पहिलं काम त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. पण महेबूबचं नाव लिहायचा त्यांना संकोच वाटला. एकट्याला बोलावलं तर आपण वाकलो असं दिसेल. पाच-सहा जणांत त्यालाही गेलं तर सहज गेल्यासारखं होईल. म्हणून त्यांनी लिहिलं: मी ज्यांना ज्यांना जेवायला बोलावलं आणि दिवस सांगितला नाही, त्या सगळ्यांना या रविवारी दुपारी एक वाजता घरी बोलव. आणि ते जिलबी आणायला गेले.

परत आले तेव्हा सुमनबाई दारातच त्यांचा मोबाईल घेऊन उभ्या होत्या. मोबाईल थरथरत होता, थांबायचं नावच घेत नव्हता.

"डॉक्टर सहकुटुंब येतायत," त्या म्हणाल्या. "बँकेतला अख्खा काउंटर येतोय. गॅसवाला विचारतोय, येताना भरलेली टाकी आणू का. पेठचे कारभारीभावजी बोललेत, ऐका."

मोबाईलमधून यादवरावांच्या गावाकडच्या भावाचा, कारभारीचा आवाज आला, "लय दिसांनी बोलावलंस रे दादा. आम्ही सगळी जीप करून येतो."

"आणि हे सटाण्याचे कोण?"

यादवरावांच्या हातातली जिलबी थंड पडली. भाऊसाहेबांनी वर्षानुवर्षांचे मेसेज चाळले होते. एकही आमंत्रण सोडलं नव्हतं.

"सगळ्यांना कळवतो, रद्द म्हणून," ते पुटपुटले.

"खबरदार," सुमनबाई म्हणाल्या. "बोलावलंय ना? मग जेवून जातील. जन्मात एकदा तारीख सांगितलीत, ती मोडायची नाही."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. बुद्धविहारातली मोठी पातेली आली, शेजारच्या सरिताबाई विळ्या गोळा करून घेऊन आल्या, सुमनबाईंच्या अंगणवाडीतल्या मैत्रिणी वांगी चिरायला बसल्या. कुणाच्या गच्चीवरून मांडवाचं कापड आलं. यादवराव पातेल्यांमधून नाचत फिरत होते आणि प्रत्येकीचं बोलणं खात होते, पण मनातून त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवता येईना. येणार, माणसं खरंच येणार. आणि त्यांत महेबूबही येणार.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सगळी उत्तरं पुन्हा चाळली. महेबूबचं नव्हतं. त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं. उत्तर आलं: महेबूब शेख यांना जेवायला बोलावल्याचा एकही मेसेज सापडला नाही, त्यामुळे त्यांना काही पाठवलेलं नाही. आता पाठवू का?

यादवरावांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. राँग नंबरवाल्याला गेलं होतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच नाही.

"कसं सापडेल?" सुमनबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना तुम्ही कधी लिहून बोलावलंत? शेजारी बसून तोंडाने म्हणायचात. मग तोंडानेच बोलवा."

यादवरावांनी लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी द्वारका चौकाच्या गर्दीतून स्कूटर काढत ते भद्रकालीत, महेबूबच्या गल्लीत पोचले. महेबूब घरासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला. बस म्हणाला नाही.

"जेवायला चल," यादवराव म्हणाले.

"कोणत्या दिवशी?"

"आज. एक वाजता. भाभींनाही घेऊन." त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. "माझं चुकलं, महेबूब. मला तुझ्याशिवाय जेवण गोड लागत नाही."

आतून महेबूबची बायको नसीम म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांनी तारीख मिळाली. उठा आता."

महेबूब उठला, आणि उठता उठता हसला.

दुपारी गांगुर्ड्यांच्या अंगणात पंगतीवर पंगत उठत होती. डॉक्टर वाढत होते, गॅसवाला ताटं उचलत होता, पेठहून कारभारीने तांदळाचं पोतंच आणलं होतं. एक अनोळखी गृहस्थ पिशवीभर डाळिंबं घेऊन दारात उभे राहिले आणि सटाण्याच्या बोलीत लाजत म्हणाले, "मी तो राँग नंबरवाला शे." यादवरावांनी त्यांना मिठीच मारली आणि महेबूबच्या शेजारी बसवलं. महेबूबने वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली. सुमनबाईंनी चौथ्यांदा न विचारताच वाढली.

निघताना महेबूब फाटकापाशी थांबला. "आता तुम्ही दोघं या एकदा आमच्याकडे," तो म्हणाला.

यादवरावांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता, तो प्रश्न त्यांनी विचारला.

"कोणत्या दिवशी?"

महेबूबने त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे चमकले. "बघू," तो म्हणाला, "सांगतो."

यादवरावांचा चेहरा खर्रकन उतरला, आणि ते पाहून महेबूब असा खदखदून हसला की त्याला फाटकाचा आधार घ्यावा लागला.

"मंगळवारी," नसीमभाभी म्हणाल्या. "रात्री आठला. उपाशी या."