वहिनींच्या पायाखालचं मशीन

मशीन घरी आलं त्या दिवशी वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि वर एक फूल ठेवलं. बटण दाबल्याबरोबर फूल घरंगळून खाली पडलं. वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही.

दिसायला वजनकाट्यासारखं, पण पाटाएवढं मोठं. वर उभं राहिलं की तळव्यांपासून गालांपर्यंत सगळं थरथरायचं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, अशा थरथरीने ती टिकून राहतात, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. ती तिच्या डॉक्टरांना विचारून वापरत होती. वहिनींच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर गेल्यापासून लालबागच्या या खोलीत आमच्याबरोबरच. मी नोकरीवर जायची ती त्यांच्या जिवावर. सकाळी तासभर नळ यायचा, तेवढ्यात मोरीतून कळश्या उचलून पिंप त्याच भरायच्या. मग डबे, बाजार, धुणं.

"ही साडी लांब झाली काय गो?" असं त्या एकदा म्हणाल्या. साडी तीच होती. त्या बुटक्या झाल्या होत्या. त्यात पाठ दुखायची, म्हणून दादरला हाडांची तपासणी केली. त्या आत कपडे बदलत होत्या तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "एक मणका आधीच दबलाय. इंजेक्शनं लगेच सुरू करू. हाडांवर वजन पडायला हवं, म्हणजे रोज चालू दे त्यांना. पण वाकून काही उचलायचं नाही. कळशी तर नाहीच."

मी त्या मशीनचं विचारलं.

"तुम्हाला चालेल कदाचित. त्यांच्या कण्याला नको."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं. या बसल्या तर मला नोकरी सोडावी लागणार. वहिनींनी विचारलं, "काय म्हणालो डॉक्टर?"

"काही विशेष नाही. हाडांवर वजन पडलं पाहिजे म्हणाले."

"मगे कळशे उचलतंय तां बराच हा."

मी हो म्हटलं. रिपोर्ट ऑफिसच्या खणात ठेवला आणि आठवड्याभरात मशीन आणलं. त्यांच्यासाठी काहीतरी करतेय असं घराला दिसायला हवं होतं. मलाही.

खालच्या मजल्यावरची शेजारीण तिसऱ्याच दिवशी वर आली. "काकू, तुमचं सुरू झालं की आमची ताटं मांडणीवर चालायला लागतात! मला वाटलं, मेट्रो आता आमच्या घराखालून काढली."

"तू पण ये, तुझी पण हाडां हलवतंय," वहिनी मशीनच्या फळीवरूनच म्हणाल्या. थरथरीने त्यांचा आवाजही तुटत होता.

दोघी खूप हसल्या. मी चहाचा कप हातात धरून भिंतीला टेकले होते. चहावर बारीक वलयं उठत होती. फळीवर त्यांचे पाय सुपारीच्या झाडासारखे सरळ, आणि वर पाठीचा बाक. रोज त्या उतरल्या की मी विचारायची, "बरं वाटतंय ना?" त्या म्हणायच्या, "वाटता." मग कळशी उचलायच्या. तेवढा वेळ मी मोरीकडे पाठ करून वेणी घालायची.

एका सकाळी मागून अगदी लहानसा आवाज आला, उचकीसारखा. कळशी त्यांच्या हातून पडली नाही. त्यांनी ती नीट खाली ठेवली, मग भिंत धरून बसल्या आणि त्यांना उठता येईना.

परळच्या हॉस्पिटलात नव्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी तपासणी केली होती का?

"केललंय," वहिनी म्हणाल्या. "तेच्यात काय निघूक नाय." आणि माझ्याकडे बघितलं, मी दुजोरा देईन म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरांनी तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आणखी दोन मणके गेले होते. मशीनमुळे की कळशीमुळे, ते सांगता येणार नाही म्हणाले. इंजेक्शनं वेळेवर मिळायला हवी होती, एवढं मात्र म्हणाले.

त्याच दुपारी मी वहिनींना सगळं सांगितलं. नोकरीचंसुद्धा. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घरात कोणाक सांगू नको," त्या म्हणाल्या.

"वहिनी, रागवा ना माझ्यावर."

"रागवान मी जातलंय खंय? उद्या माका न्हाणीत तूच नेतलंस ना?"

मी आता नोकरीवर जात नाही. सकाळी त्यांना उठवते तेव्हा त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर असतो आणि दुसरा खाटेची कड घट्ट धरून. मी म्हणते, "सोडा वहिनी, मी धरलंय." त्या मान हलवतात. कड सोडत नाहीत.